‘दगडं काय बघायची?’

पत्र:
माझे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शन आले. 1971 च्या लढाईत ते जमालपूरला होते. वय तेव्हा वीस. येत्या फेब्रुवारीत त्यांना 75 पूर्ण होतील. मी पुण्यात नोकरीला आहे. सुट्टी टाकून त्यांना गाडीने मोठी सफर घडवायची, असं मनात आहे. मिरजेहून निघायचं, पुणे, नगर, दिल्ली, पंजाब अशी जमतील तेवढी युद्धस्मारकं करत शेवटी द्रास. सोळा दिवस. वाटेत जखमी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्था बघायच्या, थोडी मदत करायची, सगळ्याचा व्हिडिओ करायचा. हे त्यांना सरप्राइज द्यायचं होतं, पण सहज विषय काढला तर म्हणाले, “दगडं काय बघायची?” आणि उठून गेले. लढाईबद्दल ते घरात कधीच बोललेले नाहीत. भाऊ म्हणतो, जुनं उकरू नकोस. आईचं मत विचारलं तर ती तिसरंच सांगते. बरीच वर्षं दर दिवाळीला आण्णा रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या एका बाईंना मनीऑर्डर करायचे म्हणे. पलटणीतल्या कुणाची तरी आई. एका वर्षी मनीऑर्डर परत आली, तेव्हापासून बंद. असो. सफर आखू की सोडून देऊ?
– एक वाचक, मिरज

उत्तर:

पत्र वाचल्यावर आधी कॅलेंडर बघितलं. फेब्रुवारीत द्रास? अहो, तेव्हा झोजीला खिंड बर्फाखाली असते. उन्हाळ्यात गेलात तरी द्रास दहा हजार फुटांच्या वर आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाला मिरजेपासून गाडीत हलवत हलवत तिथवर न्यायचं आणि विरळ हवेत उभं करून “कसं वाटतंय आण्णा?” विचारायचं, ही काही वाढदिवसाची भेट नव्हे. शिवाय द्रासचं स्मारक 1999 च्या कारगिलचं. तुमचे आण्णा तोवर पेन्शन येऊन घरी बसले असणार. त्यांची लढाई दुसऱ्या टोकाला झाली, ब्रह्मपुत्रेच्या काठी, आजच्या बांगलादेशात. नकाशावर ठिपके जोडायच्या नादात तुम्ही त्यांना दुसऱ्याच कुणाच्या तरी लढाईला घेऊन निघालाय.

तेव्हा सोळा दिवस आधी आठ करा, आणि दिल्ली, पंजाब, द्रास काढून टाका. नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय झकास आहे, पण ते तुमच्या मुलाला दाखवा. आण्णा पायदळातले. रणगाडा म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्यांची गाडी.

सरप्राइजचंही सोडा. ज्या माणसाने जवळपास तीस वर्षं हुकूम आल्यावर ट्रंक उचलली, त्याला या वयात पुन्हा “चला, कुठे ते विचारू नका” म्हणायचं? उलट करा. महाराष्ट्राचा मोठा कागदी नकाशा आणा, एक लाल पेन आणा, दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, “आण्णा, आठ दिवस आहेत, गाडी मी चालवतो, रूट तुम्ही ठरवा.” मग तिथून निघून जा. दोन दिवस कदाचित काहीच होणार नाही. तिसऱ्या दिवशी पेनाचं टोपण उघडं दिसेल.

आता त्या ‘दगडं काय बघायची’ या वाक्याकडे येते. तुम्ही ते नकार म्हणून ऐकलंत. मला त्यात माझे सासरे ऐकू आले.

ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, हवालदार होते, 65 च्या लढाईतले. पेन्शन आल्यावर दरवर्षी कुठे ना कुठे सत्कार व्हायचा. एका तालुक्याच्या गावी आम्हीच हौसेने घेऊन गेलो होतो. सकाळी नऊची वेळ दिलेली, पाहुणे आले साडेअकराला. तोवर ही सगळी म्हातारी माणसं उन्हात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, छातीवर मेडलं लावून. नंतर स्मारकाला हार घातला गेला आणि त्या हाराचा फोटो नीट यावा म्हणून सासऱ्यांना “काका, जरा बाजूला” झालं. सासरे बाजूला झाले. घरी आल्यावर शाल कपाटात टाकली. अशा अकरा शाली निघाल्या ते गेल्यावर, एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

पण हेच सासरे एकदा खडकीला सॅपर्सच्या सेंटरजवळ चहाला थांबले. टपरीवर एक तरुण हवालदार होता, साध्या कपड्यात. त्याने यांच्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं (सासरे मरेपर्यंत बूट चमकवून घालायचे) आणि विचारलं, “साहेब, कंपनी कुठली?” बस. पाऊण तास झाला तरी उठायचं नाव नाही. कुठला पूल, कुठला नाला, कोणाचा लंगर चांगला होता. मी लग्नाला वीस वर्षं झालेली सून, बाजूच्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा ऐकत होते की या माणसाने रात्री पोटावर सरकत सुरुंग काढलेत. त्या पोराने “तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?” वगैरे एक अक्षर विचारलं नव्हतं. त्याला फक्त कंपनी हवी होती.

म्हणून म्हणते, आण्णांना दगड नको असतील तर नको. रूट माणसांचा आखा. स्मारकं वाटेत लागतीलच, तिथे थांबायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

पहिला थांबा तर तुमच्या अंगणातच आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. मिरजेहून सकाळी निघालात तर जेवायला परत घरी. घरटी फौजी देणारं गाव आहे ते, पहिल्या महायुद्धापासून. मोठ्या सफरीआधी ही रंगीत तालीम करा, महिनाभर आधी. पारावर गाडी लावा, आण्णांना उतरू द्या, आणि तुम्ही टायरची हवा बघायचं निमित्त करून मागे राहा. पाच मिनिटांत कुणीतरी विचारेल, “कुठल्या पलटणीचं?” परत येताना आण्णा गप्प असले तरी काळजी करू नका. त्या रात्री जेवण कसं जातं आणि झोप कशी लागते, ते मात्र आईंना बघायला सांगा. दोन्ही नीट असेल तर पुढची सफर आखा.

मग सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, नागठाण्याजवळचं. महामार्गावरून जरा आत जावं लागतं. गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे: अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावची 46 माणसं कामी आली. आपल्याकडे गावाला एकमेव बस येत होती की नव्हती अशा काळात इथली पोरं बोटीत बसून मेसोपोटेमियाला आणि फ्रान्सला जात होती. गावात स्मारक आहे, पण खरी गोष्ट त्याच्या आजूबाजूच्या घरांत आहे. पणजोबा, आजोबा, बाप, पोरगा, सगळे एकाच रांगेत भिंतीवर, चौघंही गणवेशात. आणि येता-जाता पश्चिम महाराष्ट्रातल्या, कोकणातल्या जुन्या शाळांच्या, चावड्यांच्या भिंती नीट बघा. इंग्रजीत कोरलेल्या संगमरवरी पाट्या दिसतील: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते आकडे. बऱ्याच पाट्यांवर चुन्याचे हात चढलेत. अशी पाटी दिसली की मला गाडी थांबवावीशी वाटते. ती आण्णांची सफर आहे, तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघून ठरवा.

पुण्याला दोन-तीन मुक्काम ठेवा आणि इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातला ‘संस्था बघायच्या, थोडी मदत करायची, व्हिडिओ करायचा’ हा भाग मला खटकला.

खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, 1974 पासूनचं. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कमरेखालून किंवा मानेखालून लुळे पडलेले जवान तिथे राहतात. कुणाला गोळी लागलेली, कुणी गाडीच्या अपघातात, कुणी उंचावरून पडून. तिथे व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल चालतं. खुर्ची खुर्चीवर अशी आदळते की बघणाऱ्याने दचकावं. ही सार्वजनिक बाग नाही, ते त्यांचं घर आहे. आधी फोन करून, पत्र देऊन परवानगी घ्या. केळ्यांचे घड आणि बिस्किटांचे पुडे घेऊन थडकू नका. काय हवंय ते कार्यालयाला विचारा, आणि कदाचित हवं असेल ते कॅथेटर किंवा चादरी असतील. त्यात फोटोला काही नाही, म्हणूनच ते कोणी आणत नाही. पैसे द्यायचे असतील तर रीतसर पावती घेऊन द्या. मोबाइल गाडीत ठेवा. तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेला एखादा मुलगा आयुष्यभरासाठी खुर्चीवर बसलाय, त्याच्या पाठीमागे उभं राहून अंगठा वर केलेला व्हिडिओ तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जायला नको. आण्णांनाही ते आवडणार नाही, हे मी त्यांना न भेटता सांगते.

खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना ती मुंबईत निघाली, कारण परदेशातून जखमी होऊन परतलेल्या शिपायांनी हात किंवा पाय गेल्यावर खायचं काय, हा प्रश्न उभा राहिला होता. पुढे ती खडकीला आली. शंभरावर वर्षं तेच काम चालू आहे: अपंगत्व आलेल्या जवानाला दुसरा धंदा शिकवायचा. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, 1944 चं. सुरुंगावर पाय गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करणारं. आण्णांच्या वयाच्या फौजींना ही नावं सांगावी लागत नाहीत. त्यांच्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिथून चालत बाहेर पडलेलं असतं. “आण्णा, तुमचं कुणी होतं का इथे?” एवढं विचारून बघा.

पुण्यातच दक्षिण मुख्यालयाचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. ते लोकवर्गणीतून उभं राहिलंय, आणि तिथे कारगिलच्या लढाईत वापरलेलं मिग-23 विमान ठेवलंय. संध्याकाळी जा, पोरं सायकली घेऊन येतात, बरं वाटतं. खडकीची राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी वाटेवर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या 1600 हून अधिक थडग्यांची, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा. मला ती जागा फार शांत वाटते, पण आण्णा दहा मिनिटांत “चला” म्हणाले तर चला.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव. इथे मात्र मी हट्ट धरीन. तहसील कचेरीजवळ नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, याच माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे बाकी सगळे पडले. हे एकटे धावले, आधी हातबाँब टाकला, मग गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने गेले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. थडगं नाही, इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. 2023 मध्ये माँतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. परक्या देशातल्या गावाने पाऊणशेहून जास्त वर्षांनी आठवण ठेवली, आणि आपण त्या पुतळ्यासमोरून गोव्याला जाताना वडापावची गाडी शोधत असतो. (मीही तेच करत आले, चाळिशीपर्यंत.) आण्णांसाठी हा दगड नाही. पलटणीत भरती झाल्यापासून हे नाव त्यांच्या कानावर पडलेलं आहे.

शेवटी बेळगाव. आंबोली चढून जा. मराठा सेंटर म्हणजे आण्णांचं माहेरच म्हणा. रंगरूट म्हणून ते तिथेच घडले, त्यांची कागदपत्रंही तिथल्याच रेकॉर्ड ऑफिसात. सेंटरला आधी आण्णांच्या नावाने, आण्णांच्या सहीने पत्र पाठवा, नंबर, रँक, पलटण लिहून. तुम्ही ईमेल ठोकू नका. गेटवर आपलं कार्ड दाखवून आत शिरायचा मान त्यांचा आहे. आत शरकतचं स्मारक आहे, 1918 च्या मेसोपोटेमियातल्या लढाईचं. तिथे आण्णा काय करतील ते मी सांगू शकत नाही. तुम्ही चार पावलं मागे उभे राहा आणि आपला हात खिशातून बाहेर काढा, एवढंच.

भाऊ म्हणतो ते अगदीच उडवून लावू नका. काही माणसं बोलत नाहीत कारण त्यांनी ते नीट बांधून ठेवलंय, आणि काही बोलत नाहीत कारण गाठ सुटली तर आवरणार नाही असं त्यांना वाटतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फटाक्यांना दचकतात का? रात्री ओरडून उठतात का? लढाईचा विषय निघाला की त्या संध्याकाळी पेग वाढतात का? यातलं काही असेल तर सफरीआधी ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) डॉक्टरांशी बोला, ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. निघताना आण्णांना एकदा स्पष्ट सांगा, “कुठेही नको वाटलं तर तिथून गाडी वळवू, का ते विचारणार नाही.” आणि खरंच विचारू नका.

जमालपूरबद्दल तुम्ही वाचून ठेवा, त्यांची परीक्षा घ्यायला नव्हे, ते एखादं नाव बोलले तर तुमचा चेहरा कोरा राहू नये म्हणून. तुमच्या वडिलांच्या पलटणीने वळसा घालून जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता अडवला होता. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ती डिसेंबरची गोष्ट. 10 तारखेच्या रात्री ते लोक वेढा फोडून निघायला बघत होते आणि त्यांच्या वाटेत तुमचे आण्णा खंदकात होते, वीस वर्षांचे. बाकीचं ते सांगतील किंवा सांगणार नाहीत.

किरकोळ गोष्टी. दिवसाला चार तासांच्या वर गाडी नको. या वयाच्या पुरुषांना दर तासा-दीड तासाला उतरावं लागतं आणि ते सांगायला त्यांना लाज वाटते, तेव्हा चहाची तल्लफ तुम्हालाच येऊ द्या. पुढची सीट त्यांची. बोलणी झालीच तर गाडीतच होतात, कारण तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ईसीएचएस कार्ड, गोळ्या आणि डिस्चार्ज बुक एका पिशवीत, पिशवी त्यांच्याकडे. हॉटेलांआधी जिल्ह्याच्या गावची सैनिक विश्रामगृहं बघा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून. खोल्या साध्याच असतात, पण सकाळी व्हरांड्यात कुणीतरी दुसरा पेन्शनर दात घासत उभा असतो आणि तुमचं निम्मं काम तोच करतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचं पुढे कधीतरी बघा, विमानाने, दोन दिवसांचं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर 71 मध्ये गेलेल्यांची नावं आहेत आणि आण्णांना त्यातलं एखादं नाव शोधायचं असेल, तर ते आपणहून म्हणतील.

आणि आता तुम्ही ‘असो’ म्हणून जी गोष्ट संपवलीत ती. खेडची मनीऑर्डर.

पत्रातली बाकी सगळी ठिकाणं तुम्ही इंटरनेटवरून काढलीत. हे एकटंच आण्णांचं आहे. कितीतरी दिवाळ्या ते पोस्टात रांगेत उभे राहिले, फॉर्मवर तोच पत्ता लिहिला, आणि एके वर्षी पैसे परत आले. त्याचा अर्थ काय ते त्यांना कळलं असणार. ती माउली आता नाही. पण घर असेल, पुतण्या असेल, गावात पाटी असेल किंवा नसेल. आईंकडून पत्त्याचा जुना कागद मागून घ्या, बहुतेक डब्यात पावत्या असतील. आण्णांना दाखवू नका. त्या घरी फोन करून “आम्ही येतोय” असंही कळवू नका. तो निरोप द्यायचा तर आण्णा देतील.

माणगावहून महाड, पोलादपूर, पुढे कशेडी उतरलात की खेड येतंच, नकाशात वेगळं काढावं लागत नाही. आदल्या रात्री माणगावात जेवताना, ताटाकडे बघत, सहज विचारा, “उद्या खेडवरूनच जायचंय. थांबायचं का कुठे?”

ते “बघू” म्हणाले तर सकाळी अर्धा तास लवकर निघा.